लहान वृद्धाश्रमांचे किमान निकष : नियमातले ‘पुरेसे’ म्हणजे नेमके किती?

लहान वृद्धाश्रम म्हणजे साधारणपणे दहा ते पंचवीस ज्येष्ठ नागरिक राहतात असे निवासगृह. ते भाड्याच्या बंगल्यात असेल, जुन्या वाड्यात असेल किंवा इमारतीच्या एखाद्या मजल्यावर असेल. चालवणारी धर्मादाय संस्था असेल किंवा महिन्याला शुल्क घेणारा खासगी चालक असेल. अशा ठिकाणी स्वतः राहायला जाणारे ज्येष्ठ, आई-वडिलांची सोय पाहणारे कुटुंबीय आणि आधीच तिथे राहत असलेले निवासी, या तिघांसाठी ही माहिती आहे. अशा गृहाचा दर्जा कायद्यात कुठे लिहिला आहे, कुठे लिहिलेला नाही आणि जिथे नाही तिथे तो आपल्या जिल्ह्यात कसा ठरवून घेता येतो, हे यात पाहू.

कायदा काय सांगतो

‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ हा मुख्य कायदा. वय ६० पूर्ण झालेला भारतीय नागरिक या कायद्यानुसार ज्येष्ठ नागरिक ठरतो. कलम १९ मध्ये वृद्धाश्रमांची तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे त्यात म्हटले आहे. मात्र शासन तो उभारू शकते, असा त्या वाक्याचा अर्थ आहे. उभारलाच पाहिजे, असा नाही. याच कलमाचा दुसरा भाग आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचा आहे. वृद्धाश्रमांचे व्यवस्थापन कसे असावे, दर्जा काय असावा, वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीच्या कोणत्या सोयी असाव्यात, हे राज्य शासन ठरवू शकते.

म्हणजेच दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्याकडे आहे. केंद्र सरकारने राज्यांना मार्गदर्शनासाठी आदर्श नियम दिले आणि राज्यांनी आपापले नियम केले. महाराष्ट्राचे नियम २०१० चे आहेत. तुम्ही इंदूरला किंवा बडोद्याला राहत असाल, तर तुम्हाला अनुक्रमे मध्य प्रदेशाचे किंवा गुजरातचे नियम लागू होतील. गृह ज्या राज्यात आहे त्या राज्याचा नियम पाहायचा. निवासी मूळचा कुठला, हे पाहायचे नाही. खाली जे निकष दिले आहेत ते केंद्राच्या आदर्श नियमांतले आहेत. तुमच्या राज्याच्या नियमांत थोडा फरक असू शकतो, म्हणून जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयातून नियमांची प्रत मागून घ्या.

एक गोष्ट शब्दाविषयी. मूळ इंग्रजी नियमांत गृहात राहणाऱ्या माणसाला ‘इनमेट’ म्हटले आहे. तुरुंगातल्या माणसालाही हाच शब्द वापरतात. मराठी शासकीय कागदांत ‘प्रवेशित’ किंवा ‘अंतेवासी’ असे शब्द दिसतील. इथे आम्ही सगळीकडे ‘निवासी’ लिहिले आहे. कार्यालयात अर्ज करताना मात्र त्यांच्या कागदावर जो शब्द असेल तो ओळखता यायला हवा, म्हणून ही नोंद.

आकडा दिलेले दोन निकष

आदर्श नियमांच्या परिशिष्टात जागेबद्दल दोन स्पष्ट आकडे आहेत. झोपण्याच्या खोलीत किंवा सामायिक कक्षात दर निवाशामागे ७.५ चौरस मीटर जागा हवी. ती खोली आणि स्वयंपाकघर, जेवणाची खोली, करमणुकीची खोली, औषधोपचाराची खोली असे सगळे मिळून दर निवाशामागे १२ चौरस मीटर हवी. व्हरांडा आणि बोळ यांत मोजायचे नाहीत. ‘शक्यतो’ असा शब्द तिथेही आहे. तरी आकडा आहे, त्यामुळे मोजता येते.

चौरस फुटांत सांगायचे तर ७.५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट आणि १२ चौरस मीटर म्हणजे सुमारे १२९ चौरस फूट. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट होते. या निकषाने त्या खोलीत एकच खाट बसते. बारा बाय चौदाच्या खोलीत दोन. आता संपूर्ण घराचा हिशेब पाहा. व्हरांडा आणि बोळ सोडून १,५०० चौरस फूट जागा असलेल्या बंगल्यात ११ निवासी राहू शकतात. तिथे १८ किंवा २० खाटा दिसल्या, तर जागा कमी पडते आहे हे विचारण्याची गरजच नाही. गृह पाहायला जाताना मोजपट्टी सोबत ठेवा. लाजू नका, भाड्याने घर घेताना आपण खोली मोजतोच.

जिथे फक्त ‘पुरेसे’ लिहिले आहे

परिशिष्टातल्या इतर गोष्टी अशा आहेत: पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी वेगळ्या खोल्या, पिण्याचे आणि वापरायचे पुरेसे पाणी, वीज, पंखे, गरज असेल तिथे खोली गरम ठेवण्याची सोय, स्वयंपाकघर आणि कोठार, जेवणाची खोली, पुरेशी शौचालये आणि न्हाणीघरे, त्यांत अपंग व्यक्तीला वापरता येतील अशी काही, दूरचित्रवाणी, वर्तमानपत्र, पुस्तके, प्रथमोपचार आणि आजारी माणसासाठी वेगळी जागा. उतरंड आणि कठडे हवेत, लागेल तिथे लिफ्ट हवी. पौष्टिक आहार राज्य शासन ठरवील त्या प्रमाणात. हिवाळ्याच्या कपड्यांसह पुरेसे कपडे आणि अंथरूण-पांघरूण. स्वच्छता आणि राखण यांची पुरेशी व्यवस्था. तातडीच्या उपचारांसाठी जवळच्या शासकीय रुग्णालयाशी आणि सुरक्षेसाठी जवळच्या पोलीस ठाण्याशी ठरवलेली व्यवस्था.

यादी चांगली आहे. पण ‘पुरेसे’ हा शब्द किती वेळा आला ते पाहा. पुरेसे म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेले नाही. मोठ्या शासकीय इमारतीत हे प्रश्न आराखडा करतानाच सुटतात. लहान गृह मात्र राहत्या घराचेच केलेले असते, आणि राहत्या घरात दोनच शौचालये असतात. स्थानिक निकष ठरवायचे म्हणजे मुख्यतः या ‘पुरेसे’च्या जागी आकडा लिहायचा.

शौचालयाचेच उदाहरण घ्या. १८ निवासी आणि दोन शौचालये. वय झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सकाळी पंधरा मिनिटे लागतात असे धरले, तर एका शौचालयावर नऊ जण आणि शेवटच्याचा नंबर पूर्ण व्हायला सव्वादोन तास. तीन शौचालये असतील तर दीड तास. ज्यांना थांबता येत नाही त्यांची अडचण कपड्यांवर दिसते आणि मग त्यांना सरसकट लंगोट बांधला जातो. ‘आजी आता सांगत नाहीत’ असे कर्मचारी म्हणतात, तेव्हा आधी शौचालये मोजावीत.

रात्रीच्या माणसाचेही तसेच. दर किती निवाशांमागे किती कर्मचारी, हे परिशिष्टात नाही. लहान गृहात रात्री बहुधा एकच मदतनीस असतो. मध्यरात्री एखाद्याला रुग्णालयात न्यावे लागले, तर सोबत कोण जाणार आणि मागे उरलेल्यांजवळ कोण थांबणार? या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असायला हवे. दुसरा माणूस गृहातच हवा, असे नाही. पण दहा मिनिटांत पोहोचेल असा कुणीतरी नावानिशी ठरलेला हवा आणि त्याचा क्रमांक भिंतीवर हवा.

उतरंडीला मात्र देशभर मान्य असलेले प्रमाण आहे. अडथळाविरहित बांधकामाच्या केंद्रीय मार्गदर्शनानुसार उंची एक तर लांबी बारा. दारातली पायरी सहा इंच उंच असेल, तर उतरंड निदान सहा फूट लांब हवी. दोन फुटांची फळी टाकून चाकाची खुर्ची वर ढकलली जाते, ती उतरंड नव्हे.

आहाराबाबत दोनच गोष्टी विचारा. आठवड्याचे जेवण लिहून लावले आहे का, आणि रात्रीचे जेवण किती वाजता होते. स्वयंपाकाची बाई सहाला जाते म्हणून साडेपाचला जेवण आणि दुसऱ्या दिवशी आठला चहा, असे असेल तर मध्ये चौदा-पंधरा तासांचे अंतर पडते. मधुमेहाच्या रुग्णाला हे धोक्याचे आहे. रात्री दूध किंवा काही हलके मिळते का, हे बघा.

हे नियम खासगी लहान गृहाला लागू होतात का?

इथे स्पष्ट सांगायला हवे. हे परिशिष्ट कलम १९ खाली निराधार ज्येष्ठांसाठी स्थापन झालेल्या गृहांसाठी लिहिलेले आहे. शुल्क घेणारे खासगी गृह त्यात आपोआप येत नाही. २०१९ साली लोकसभेत एक सुधारणा विधेयक आले होते. सर्व ज्येष्ठ नागरिक निवासगृहांची नोंदणी आणि केंद्राने ठरवलेले किमान निकष, असे त्यात होते. ते संमत झाले नाही आणि त्या लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. त्यामुळे आज चित्र राज्याराज्यांत वेगळे आहे. काही राज्यांनी आपल्या नियमांत किंवा आदेशांत खासगी गृहांचाही विचार केला आहे.

तरीही एक दुवा हाती आहे. आदर्श नियमांनुसार जिल्ह्यातले वृद्धाश्रम ठरलेल्या दर्जाप्रमाणे चालतात का, यावर देखरेख ठेवणे हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. तसेच ज्येष्ठ नागरिकांची जिल्हा समिती असावी, असेही त्यात आहे. खासगी गृहाबद्दलचा प्रश्नही याच ठिकाणी मांडता येतो.

केंद्राच्या अनुदानावरची लहान गृहे वेगळी. अटल वयो अभ्युदय योजनेखालील ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी एकात्मिक कार्यक्रमा’त २५ निराधार ज्येष्ठांचे गृह, ५० वृद्ध महिलांचे गृह आणि स्मृतिभ्रंश किंवा अल्झायमर झालेल्यांसाठी किमान २० जणांचे सतत देखभालीचे गृह, अशा प्रकारांना स्वयंसेवी संस्थांमार्फत मदत मिळते. या गृहांत निराधार निवाशाला निवारा, जेवण, औषधोपचार आणि करमणूक विनामूल्य मिळायला हवी. कुणी पैसे मागत असेल तर ती तक्रारीची बाब आहे. महाराष्ट्रात १९९५ पासूनची मातोश्री वृद्धाश्रम योजना आहे. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही शासकीय संस्था वृद्धाश्रम चालवते.

पाटीवरचा नोंदणी क्रमांक

बहुतेक गृहांच्या पाटीवर एखादा नोंदणी क्रमांक असतो आणि तो पाहून आपण निर्धास्त होतो. तो कशाचा आहे, हे वाचा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी संस्थेची आणि तिच्या हिशेबांची असते. ‘८०-जी’ म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकर सवलत. ‘एनजीओ दर्पण’चा क्रमांक म्हणजे केंद्राच्या यादीत नाव. यांपैकी एकही कागद शौचालये किती, रात्री कोण असते, औषधे कोण देते, याची खात्री देत नाही.

देखभालीच्या दृष्टीने विचारायचे कागद वेगळे आहेत. इमारतीला अग्निसुरक्षेची कोणती परवानगी आहे, जवळच्या रुग्णालयाशी लेखी व्यवस्था झाली आहे का, पोलीस ठाण्याला निवाशांची यादी दिली आहे का. गृहात आजारी माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा केली जात असेल, म्हणजे सलाईन, नळीवाटे अन्न, प्राणवायू असे चालत असेल, तर त्याला रुग्णालय किंवा शुश्रूषागृहाची नोंदणी लागते का, हे पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला विचारा. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. ‘आम्ही फक्त वृद्धाश्रम आहोत’ असे म्हणत दवाखान्याचे काम करणारे गृह दोन्हीकडच्या तपासणीतून सुटते आणि धोका निवाशाला असतो.

जिल्ह्यात निकष कसे ठरवून घ्यायचे

सुरुवात गृहातूनच होते. आदर्श नियमांत एक अतिशय चांगली तरतूद आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. गृहाचा दैनंदिन कारभार व्यवस्थापन समितीने पाहायचा आणि त्या समितीत निवाशांचे योग्य प्रतिनिधित्व असायला हवे. खासगी गृहाला हे बंधन नसले, तरी मागणी करता येते. अठरा जणांच्या गृहात दोन निवासी प्रतिनिधी आणि एक कुटुंबीय, महिन्यातून एक बैठक, तिची वही. एवढे झाले की ‘पुरेसे गरम पाणी’ याच्या जागी ‘सकाळी सहा ते नऊ गरम पाणी’ असे लिहिले जाते. निवाशाने हे बोलायला घाबरू नये, हीच खरी अडचण आहे. जिथे राहायचे त्याच माणसाविरुद्ध कसे बोलायचे? म्हणून प्रतिनिधीसोबत बाहेरचा एक माणूस हवा: गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सदस्य, निवृत्त शिक्षक किंवा परिचारिका.

पुढची पायरी जिल्ह्याची. ज्येष्ठ नागरिक संघाने, किंवा चार-पाच कुटुंबांनी मिळून, जिल्हाधिकाऱ्यांना आणि समाज कल्याण कार्यालयाला (महाराष्ट्रात सहायक आयुक्त, समाज कल्याण) लेखी अर्ज करावा. अर्जात तीन मागण्या पुरतात. जिल्ह्यातल्या सर्व लहान-मोठ्या गृहांची यादी करावी. जिल्हा समितीपुढे हा विषय ठेवून ‘पुरेसे’च्या जागी आकडे असलेले एक पान तयार करावे. त्या पानाप्रमाणे गृहांना भेट देऊन नोंद करावी. यादीची मागणी मोठी वाटत असेल तर लक्षात ठेवा: डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही प्रत्येक जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला केंद्राला सांगितले होते.

असे जिल्ह्याचे पान म्हणजे कायदा नव्हे. ते न पाळल्याबद्दल लगेच दंड होणार नाही. पण घरच्या माणसाला कुठे ठेवायचे, हे ठरवणाऱ्या कुटुंबाच्या हातात ते पडते आणि शुल्क घेणाऱ्या चालकाला त्याचे उत्तर द्यावे लागते. आकडे ठेवताना मात्र तारतम्य हवे. मोठ्या संस्थेलाच जमतील असे निकष लावले, तर गावातले बारा जणांचे प्रेमाने चालवलेले गृह बंद पडेल आणि तिथली माणसे जातील कुठे? जागा, शौचालये, आग, रात्रीचा माणूस आणि औषधांची वही यांत सवलत नको. पुस्तकांचे कपाट, बाग, रंगरंगोटी यांना वेळ देता येतो.

पैसे, पासबुक आणि मिळकत

प्रवेशाच्या वेळी लेखी करार करा. महिन्याचे शुल्क किती, त्यात काय धरले आहे, लंगोट आणि औषधे वेगळी का, शुल्क कधी वाढेल, सोडून जाताना अनामत किती दिवसांत परत मिळेल, हे सगळे त्यात हवे. निवाशाचे पासबुक, एटीएम कार्ड, आधार आणि निवृत्तिवेतनाचे कागद निवाशाकडेच राहतील असे लिहून घ्या. सांभाळायला दिलेच तर यादी करून सही घ्या. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे.

आयुष्यभर सांभाळण्याच्या बोलीवर घर किंवा जमीन कुणाच्या नावे करत असाल, तर सांभाळण्याची अट दस्तातच लिहा. अट असेल आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. तोंडी वचनावर हे सिद्ध करणे अवघड जाते.

मुले शुल्क देत नसतील तर निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा किंवा त्यावरचा अधिकारी तिथे असतो. महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मंजूर होऊ शकते. ज्येष्ठाला स्वतः जाता येत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. ज्येष्ठाला सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या माणसाने त्याला कायमचे टाकून दिले, तर कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तक्रार कुठे करायची

मारहाण, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे असे काही असेल तर आधी पोलीस, क्रमांक ११२. माहिती, सल्ला किंवा मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ‘एल्डरलाइन’, क्रमांक १४५६७. ती विनाशुल्क आहे आणि सर्व दिवस सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. गृहाच्या दर्जाबद्दलची तक्रार जिल्हाधिकारी आणि समाज कल्याण कार्यालय यांच्याकडे. शुल्क घेऊन ठरलेली सेवा दिली नाही किंवा अनामत अडवली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, क्रमांक १५१००. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत मदत मिळते.

तक्रारीत ‘व्यवस्था वाईट आहे’ असे लिहू नका. खोलीची लांबी-रुंदी, खाटांची संख्या, शौचालये किती, कोणत्या तारखेला रात्री कोण हजर नव्हते, असे लिहा. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत गृहात न ठेवता बाहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.